प्रो बाउल गेम्स : धक्का वगळलेल्या खेळाचे परीक्षण

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगने, म्हणजे एनएफएलने, २०२३ मध्ये आपल्या निवडक खेळाडूंच्या वार्षिक प्रदर्शनीय सामन्याचे रूप मुळापासून बदलले. ‘प्रो बाउल’ या नावाने ओळखला जाणारा, अकरा-अकरा खेळाडूंचा आणि एकमेकांना अंगाने भिडून खेळायचा सामना बंद झाला. त्याच्या जागी ‘प्रो बाउल गेम्स’ आले. यात आधी काही कौशल्यस्पर्धा होतात आणि शेवटी सात-सात खेळाडूंचा फ्लॅग फुटबॉलचा सामना खेळला जातो. फ्लॅग फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्याला कोणी खाली पाडत नाही. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला लटकणारे फडके बचावपटूने ओढून काढले की ती चाल तिथेच संपते.

या कार्यक्रमाच्या २०२३, २०२४ आणि २०२५ या तीन आवृत्त्या मी प्रक्षेपणावर पाहिल्या आणि त्यांच्याविषयी लिहिण्यापूर्वी जुन्या प्रो बाउल सामन्यांची चित्रणेही पुन्हा पाहिली. माझे मत आधीच नोंदवतो. फ्लॅग सामना हा या परंपरेत कित्येक वर्षांनंतर आलेला प्रामाणिक खेळ आहे आणि तो पाहण्याजोगा आहे. त्याच्याभोवती गुंडाळलेल्या स्पर्धांपैकी निम्म्याहून अधिक मात्र काढून टाकाव्यात अशा आहेत. हे मत केवळ तीन वर्षांच्या अनुभवावर उभे राहू शकत नाही, कारण ज्या दोषामुळे जुना सामना मेला तो दोष समजल्याशिवाय नव्या सामन्याचे गुण दिसत नाहीत.

निवडक खेळाडूंचा सामना ही कल्पना अमेरिकन फुटबॉलमध्ये एनएफएलने नव्हे, तर एका वृत्तपत्राने रुजवली. ‘शिकागो ट्रिब्यून’चे क्रीडा संपादक आर्च वॉर्ड यांनी १९३३ मध्ये बेसबॉलचा ऑल-स्टार सामना घडवून आणला आणि पुढच्याच वर्षी सोल्जर फील्डवर महाविद्यालयीन फुटबॉलच्या निवडक खेळाडूंना व्यावसायिक संघापुढे उभे केले. १९३४ च्या त्या पहिल्या लढतीत शिकागो बेअर्स आणि विद्यार्थी यांच्यापैकी कोणालाही एकही गुण मिळाला नाही, सामना ०-० असा बरोबरीत सुटला आणि तो पाहायला सुमारे ७९ हजार लोक आले होते. आज गुणांच्या पावसाला सरावलेल्या प्रेक्षकाला हा निकाल नीरस वाटेल, परंतु त्या काळी महाविद्यालयीन खेळच श्रेष्ठ मानला जात असे आणि पोटासाठी खेळणाऱ्यांकडे संशयाने पाहिले जाई. त्यामुळे दोन्ही बाजूंना काहीतरी सिद्ध करायचे होते. व्यावसायिक खेळ जसजसा बलवान झाला तसतसा हा सामना एकतर्फी होत गेला. विद्यार्थ्यांचा शेवटचा विजय १९६३ मधला. त्यांनी प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी यांच्या ग्रीन बे पॅकर्सना २०-१७ असे हरवले होते. १९७६ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स २४-० असे पुढे असताना वादळी पाऊस कोसळला, प्रेक्षक मैदानात उतरले, गोलचे खांब उखडले गेले आणि सामना अर्धवट थांबवावा लागला. तो पुन्हा कधीच भरला नाही. ४२ लढतींपैकी विद्यार्थ्यांनी ९ जिंकल्या आणि २ बरोबरीत सुटल्या हे आकडे पाहिले, म्हणजे वादळ आले नसते तरी हा सामना फार काळ टिकला नसता हे ध्यानात येते.

एनएफएलचा स्वतःचा सामना १५ जानेवारी १९३९ रोजी लॉस एंजेलिसच्या रिग्ली फील्डवर झाला. १९३८ चे विजेते न्यूयॉर्क जायंट्स एका बाजूला आणि इतर संघांतील निवडक खेळाडू दुसऱ्या बाजूला, अशी ती रचना होती. जायंट्सनी १३-१० असा विजय मिळवला. ही रचना मला आजही आवडते, कारण वर्षभर एकत्र खेळलेला एक संघ आणि चार दिवसांपूर्वी ओळख झालेली गुणी माणसे यांच्यात कोण वरचढ ठरते, हा प्रश्न खऱ्या अर्थाने खेळाचा प्रश्न आहे. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर जानेवारी १९४२ चा सामना न्यूयॉर्कला हलवावा लागला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील फिलाडेल्फियातील लढतीनंतर युद्धकाळातील प्रवासाच्या निर्बंधांमुळे ही परंपरा खंडित झाली. या पहिल्या पाच सामन्यांत विजेत्या संघाने चार जिंकले. निवडक खेळाडूंना एकमेव विजय मिळाला तो शेवटच्या लढतीत.

जानेवारी १९५१ मध्ये ती परंपरा लॉस एंजेलिसच्या कोलिसियमवर नव्या रूपात पुन्हा सुरू झाली. आता विजेत्या संघाविरुद्ध खेळायची जुनी रचना सोडून अमेरिकन आणि नॅशनल या दोन कॉन्फरन्सचे, म्हणजे लीगमधील दोन गटांचे, निवडक संघ समोरासमोर आले. अमेरिकन कॉन्फरन्सने २८-२७ अशी बाजी मारली आणि क्लीव्हलँडचा क्वार्टरबॅक (चाल चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू) ऑटो ग्रॅहम सामन्याचा मानकरी ठरला. पुढची दोन दशके सामना त्याच शहरात राहिला. त्या काळात एनएफएल खेळाडूंचे वेतन इतके तुटपुंजे होते की हंगाम संपल्यावर पुष्कळांना दुसरी नोकरी धरावी लागे. साहजिकच विजेत्या बाजूला मिळणारी वाढीव रक्कम त्यांच्या दृष्टीने मोलाची होती. हा मुद्दा मी मुद्दाम मांडतो आहे. जुन्या खेळाडूंची निष्ठा मोठी आणि आजच्यांची छोटी, असे सरसकट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. बदलला तो हिशेब. २०२२ च्या प्रो बाउलमध्ये विजेत्या बाजूच्या प्रत्येक खेळाडूला ८० हजार डॉलर मिळाले. ही रक्कम सामान्य माणसासाठी मोठीच आहे, परंतु ज्याचा करार कोट्यवधी डॉलरचा आहे आणि ज्याचा गुडघा हीच त्याची मिळकत आहे, त्याने त्या रकमेसाठी गुडघा पणाला का लावावा, याचे उत्तर लीगकडे नव्हते.

या सामन्यांच्या इतिहासातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी घटना प्रो बाउलची नाही. ती एनएफएलच्या प्रतिस्पर्धी अमेरिकन फुटबॉल लीगच्या ऑल-स्टार सामन्याची आहे. जानेवारी १९६५ मध्ये हा सामना न्यू ऑर्लिन्सला व्हायचा होता. तिथे पोहोचलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना टॅक्सीवाल्यांनी गाडीत बसवण्यास नकार दिला आणि करमणुकीच्या जागांच्या दारातून त्यांना परत पाठवले गेले. वंशभेद कायद्याने बंद करणारा नागरी हक्क कायदा त्याच्या आदल्याच वर्षी संमत झाला होता. २१ कृष्णवर्णीय खेळाडूंनी एकत्र बसून या शहरात खेळायचे नाही असा निर्णय घेतला, रॉन मिक्ससारखे गोरे खेळाडू त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि लीगचे आयुक्त जो फॉस यांनी सामना ह्यूस्टनला हलवला. १६ जानेवारीला तो तिथे खेळला गेला. खेळाडूंनी एखाद्या शहरावर बहिष्कार टाकून मोठा सामना हलवायला लावल्याची ही घटना, निकालाचे गुण कोणाच्याही स्मरणात नसताना, आजही आदराने सांगितली जाते. लीगमधले सर्वोत्तम खेळाडू एका शहरात जमले होते म्हणूनच ते एकमुखाने बोलू शकले. निवडक खेळाडूंना एकत्र आणण्याचा हा उपयोग कोणत्याही आयोजकाने योजलेला नव्हता.

दोन्ही लीगच्या विलीनीकरणानंतर जानेवारी १९७१ मध्ये एएफसी (अमेरिकन फुटबॉल कॉन्फरन्स) आणि एनएफसी (नॅशनल फुटबॉल कॉन्फरन्स) या एनएफएलच्या दोन गटांतील पहिला प्रो बाउल झाला. पुढे काही वर्षे हा सामना शहराशहरांतून फिरला आणि १९८० मध्ये होनोलुलूच्या अलोहा स्टेडियमवर स्थिरावला, तो सलग ३० वर्षे. हवाईने या सामन्याला जे दिले ते दुसऱ्या कोणत्याही ठिकाणाने दिलेले नाही. हंगामाच्या शेवटी कुटुंबासह समुद्रकिनारी आठवडा घालवायला मिळणार म्हणून खेळाडू आनंदाने येत आणि आल्यावर बऱ्यापैकी मनापासून खेळत. १९९५ मध्ये इंडियानापोलिसच्या मार्शल फॉकने, आपल्या पहिल्याच हंगामानंतर, १८० यार्ड धावून केलेला विक्रम ज्याने पाहिला असेल, त्याला प्रो बाउलमध्ये कोणी कष्ट घेत नाही हे विधान त्या काळापुरते तरी पटणार नाही. त्याच वर्षापासून निवडीसाठी चाहत्यांचे मतही धरले जाऊ लागले, आणि आज चाहते, खेळाडू आणि प्रशिक्षक या तिघांच्या मतांना समान वजन आहे.

हवाईच्या काळातली आणखी एक चाल विसरता येत नाही. फेब्रुवारी २००७ च्या सामन्यात बफेलोचा पंटर (चेंडू लाथेने दूर धाडणारा खेळाडू) ब्रायन मूरमन किक न मारता चेंडू घेऊन धावला आणि वॉशिंग्टनच्या शॉन टेलरने त्याला असा धक्का दिला की मूरमन अक्षरशः हवेत उडून पडला. गंमत म्हणून खेळायच्या सामन्यात अंतिम सामन्याचा धक्का, अशी त्याची चर्चा झाली. मूरमनने उठून टेलरचे कौतुकच केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टेलरची हत्या झाली. पुढच्या प्रो बाउलमध्ये त्याच्या संघातील सहकारी त्याचा २१ क्रमांक घालून उतरले आणि एनएफसीचा बचाव पहिल्या चालीला दहाच खेळाडूंनिशी उभा राहिला. अकराव्याची जागा रिकामी होती. ज्या सामन्याच्या निकालाचा कोणालाही उपयोग नाही, त्यात मी पाहिलेली ही सर्वांत गंभीर चाल.

टेलरचा तो धक्का लक्षात राहतो, कारण तो अपवाद होता. प्रो बाउलचे नियम खेळाडूंना जपण्यासाठी आधीच मवाळ केलेले होते. बचावाने ठरावीक मांडणीतच उभे राहायचे, क्वार्टरबॅकवर जादा माणसे धाडून चढाई करायची नाही, पंट रोखायला धावायचे नाही. याहून पुढे खेळाडूंनी एकमेकांशी न बोलता जो करार केला तो या सामन्याला भोवला. अमेरिकन फुटबॉल अर्ध्या जोराने खेळता येत नाही. बास्केटबॉलमध्ये बचाव सैल पडला तर हल्ल्याची नजाकत तरी दिसते. बेसबॉलमध्ये गोलंदाज आणि फलंदाज यांचे द्वंद्व प्रदर्शनीय सामन्यातही खरेच राहते. इथे मात्र चाल सुरू होताच पाच धिप्पाड माणसे समोरच्या चार धिप्पाड माणसांना अडवतात आणि बाकी सारे त्या झुंजीवर उभे असते. ती झुंज लुटुपुटूची झाली की क्वार्टरबॅकला हवा तेवढा वेळ मिळतो, पाससाठी धावणारा मोकळा सुटतो आणि टचडाउन होतो, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचून सहा गुण मिळतात, पण तो कोणाविरुद्ध झाला हे सांगता येत नाही.

२०१२ मध्ये हे सगळे उघड्यावर आले. एएफसीने ५९-४१ असा सामना जिंकला, ब्रँडन मार्शलने चार टचडाउन झेलले आणि दोन्ही बाजूंचे मिळून १०० गुण झाले. विक्रमांची रास पडत असताना स्टेडियममधले प्रेक्षक मात्र हुर्यो करत होते. काही सहकाऱ्यांनी पुरेसे कष्ट घेतले नाहीत अशी नाराजी एनएफसीच्या ॲरन रॉजर्सने जाहीरपणे मांडली आणि हा सामना बंदच करावा का, असा विचार लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी बोलून दाखवला. तो सामना मी पूर्ण पाहिला आहे आणि दुसऱ्यांदा पाहण्याची माझी तयारी नाही.

लीगने त्यानंतर केलेल्या डागडुजीपैकी एक प्रयोग खरोखर चांगला होता, असे मला वाटते. २०१४ मध्ये कॉन्फरन्सची वाटणी मोडून जेरी राइस आणि डीऑन सँडर्स या माजी खेळाडूंच्या नावाने दोन संघ केले गेले आणि खेळाडू निवडीने वाटले गेले. त्यामुळे वर्षभर एकाच पोशाखात खेळलेले सहकारी समोरासमोर आले. कॅन्सस सिटीच्या डेरिक जॉन्सनने आपल्याच संघातील जमाल चार्ल्सला दिलेला धक्का त्या वर्षीचा सर्वांत खणखणीत क्षण होता. टीम राइसने शेवटच्या मिनिटात टचडाउननंतर एका गुणाची किक मारून बरोबरीवर समाधान न मानता दोन गुणांची चाल खेळून २२-२१ असा विजय मिळवला. नवी रचना, नवे कुतूहल आणि ओळखीच्या माणसाला हरवण्याची ईर्ष्या यांनी एक वर्ष साधले. तिसऱ्या वर्षापर्यंत ते कुतूहल ओसरले. त्याच तिसऱ्या वर्षी, म्हणजे २०१६ मध्ये, सिनसिनाटीच्या टायलर आयफर्टच्या घोट्याला दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि पुढील हंगामाच्या सुरुवातीला त्याला बाहेर बसावे लागले. प्रत्येक संघमालकाने त्या घोट्याकडे पाहिले असणार.

सामन्याचे वेळापत्रकही घातक ठरले. २०१० पासून प्रो बाउल सुपर बाउलच्या, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याच्या, आधीच्या रविवारी ठेवला गेला. त्यामुळे अंतिम सामन्यात पोहोचलेल्या दोन्ही संघांचे खेळाडू आपोआप बाद झाले. म्हणजे वर्षातील सर्वोत्तम दोन संघांविना वर्षातील सर्वोत्तम खेळाडूंचा सामना. दुखापतीचे कारण देऊन माघार घेणाऱ्यांच्या जागी दुसरे, तिसरे, चौथे पर्याय येत गेले आणि २०२२ च्या हंगामात दोनच टचडाउन पास टाकलेला बॉल्टिमोरचा क्वार्टरबॅक टायलर हंटली प्रो बाउलच्या यादीत जाऊन बसला. यात हंटलीचा काहीही दोष नाही. त्याला बोलावले म्हणून तो आला. परंतु ज्या यादीवर खेळाडूंच्या करारातील बक्षिसाच्या रकमा ठरतात, महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्या फेरीत घेतलेल्या तरुणांच्या पाचव्या वर्षाचे वेतन ज्या मूळ निवडीवर अवलंबून असते आणि एखाद्याची कारकीर्द सांगताना जो आकडा पहिल्या वाक्यात येतो, त्या सन्मानाला अशी घसरण शोभत नाही.

अशा पार्श्वभूमीवर २०२३ मध्ये लास व्हेगासला प्रो बाउल गेम्स सुरू झाले. एएफसीच्या प्रशिक्षकपदी माजी क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग आणि एनएफसीच्या प्रशिक्षकपदी त्याचा धाकटा भाऊ इलाय, अशी योजना होती. पहिल्या वर्षी एनएफसीने ३५-३३, पुढच्या वर्षी ओरलँडोला ६४-५९ आणि २०२५ मध्ये पुन्हा ओरलँडोला ७६-६३ अशी सरशी केली. कौशल्यस्पर्धांतील गुण फ्लॅग सामन्याच्या गुणांत मिळवले जातात, त्यामुळे हे आकडे फुटबॉलचे निकाल म्हणून वाचता येत नाहीत, आणि माझी पहिली तक्रार हीच आहे. सामना सुरू होताना फलकावर आधीच काही गुण असतात. ते कशाचे हे प्रक्षेपण एकदा सांगते आणि मध्येच पाहायला बसलेल्या प्रेक्षकाला त्याचा पत्ता लागत नाही.

कौशल्यस्पर्धांपैकी अचूक पासची स्पर्धा मी आवर्जून पाहतो. हलत्या आणि स्थिर लक्ष्यांवर चेंडू नेमका टाकताना क्वार्टरबॅकचा खांदा, पाऊल आणि नजर यांचा मेळ जितका स्पष्ट दिसतो तितका हंगामातल्या सामन्यात दिसत नाही, कारण तिथे त्याच्या अंगावर चार माणसे धावून येत असतात. बाकीच्या प्रकारांविषयी मी इतके चांगले लिहू शकत नाही. चेंडूफेकीचा डॉजबॉल, रस्सीखेच आणि अडथळ्यांची शर्यत यांत खेळाडू मनापासून हसतात, पण त्यांच्या फुटबॉलमधल्या गुणांचे काहीही दिसत नाही. अडथळ्यांच्या शर्यतीतच २०२३ मध्ये क्लीव्हलँडच्या माइल्स गॅरेटच्या पायाचे बोट निखळले. दुखापत टाळण्यासाठी टॅकल (अंगाने भिडून खाली पाडणे) काढून टाकणाऱ्या आयोजकांनी ती शर्यत ठेवण्याचे कारण मला समजलेले नाही. सुरक्षिततेविषयी बोलताना १९९९ मधील रॉबर्ट एडवर्ड्सची आठवणही ठेवली पाहिजे. पहिल्याच हंगामात न्यू इंग्लंडसाठी १,११५ यार्ड धावलेल्या या तरुणाचा गुडघा प्रो बाउलच्या आठवड्यात वाइकीकीच्या वाळूवर फ्लॅग फुटबॉल खेळतानाच उद्ध्वस्त झाला आणि पाय वाचतो की नाही अशी वेळ आली. तो २००२ मध्ये परतला हे त्याच्या जिद्दीचे यश. फडकी लावली म्हणजे धोका संपला असे नाही, मैदानाचा पृष्ठभाग आणि गर्दी यांचा विचार करावाच लागतो. सध्याचा ५० यार्डांचा सपाट, मोकळा पट्टा त्या दृष्टीने योग्य आहे.

आता फ्लॅग सामन्याविषयी. जुन्या प्रो बाउलमध्ये बचावपटू खोटे खेळत होता, कारण खरे खेळणे धोक्याचे होते. फडके ओढण्यात तसा धोका नाही, म्हणून तो खरे खेळू शकतो, आणि खेळतोही. एका हंगामात शंभर माणसांना जमिनीवर आणणाऱ्या लाइनबॅकरला (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूला) समोरच्या धावपटूच्या कमरेवरचे वीतभर फडके सापडत नाही, तो भिडायच्या सवयीने खांदा पुढे काढतो, मग आठवण होऊन हात खाली नेतो आणि तोवर धावपटू निसटलेला असतो. दुसऱ्या सत्रापर्यंत तोच लाइनबॅकर पावले आखूड टाकायला शिकतो. डोळ्यांदेखत एखादे कौशल्य शिकले जाताना पाहण्याचा हा आनंद मला अन्य कोणत्याही ऑल-स्टार सामन्यात मिळालेला नाही. कॉर्नरबॅक (पास रोखणारा बचावपटू) आणि रिसीव्हर (पास झेलणारा) यांचे द्वंद्व तर जवळजवळ पूर्ण जोराने होते. हरणे मात्र अजूनही कोणाला लागत नाही, आणि आघाडीच्या फळीतल्या दीडशे किलो वजनाच्या खेळाडूंना या प्रकारात काम उरत नाही. ज्या माणसांच्या झुंजीवर हा खेळ उभा आहे त्यांनी रस्सीखेचीपुरते यावे, ही गोष्ट मला खुपते.

प्रेक्षकसंख्या लीगच्या बाजूने बोलत नाही. २०११ चा प्रो बाउल अमेरिकेत सरासरी सुमारे १ कोटी ३४ लाख लोकांनी पाहिला होता आणि २०२५ चे गेम्स सुमारे ४७ लाखांनी. तरीही या प्रकाराला पुढे जाण्याची दिशा आहे, जी टॅकलच्या सामन्याला नव्हती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटबरोबर फ्लॅग फुटबॉलचाही समावेश मंजूर केला आणि मे २०२५ मध्ये संघमालकांनी एनएफएल खेळाडूंना त्यात उतरण्याची वाट मोकळी केली. ऑलिंपिकचा खेळ पाच-पाच खेळाडूंचा आहे आणि प्रो बाउल गेम्स अजून सात-सातचे खेळतात. हा फरक लीगने लगेच मिटवावा, ऑलिंपिकच्याच नियमांनी खेळावे आणि राष्ट्रीय संघाच्या निवडकर्त्यांना सामन्याला बसवावे, अशी माझी सूचना आहे. १९३४ मध्ये प्रतिष्ठेने आणि १९५१ नंतर विजेत्यांच्या वाढीव रकमेने जे केले ते आता अमेरिकेच्या संघातील जागा करू शकेल. २०२६ साठी हा कार्यक्रम सुपर बाउलच्याच आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोला नेण्याचा निर्णय झाला. त्यामुळे खेळाडूंचा वेगळा प्रवास वाचला आणि पत्रकारही तिथेच हजर राहिले, इतका लाभ मान्य करतो.

पाचपैकी तारे द्यायचे झाल्यास फ्लॅग सामन्याला साडेतीन आणि कौशल्यस्पर्धांना दीड. प्रथमच पाहणाऱ्याने २०२५ पर्यंतच्या आवृत्त्यांतले गुरुवारचे कार्यक्रम अचूक पासची स्पर्धा संपताच बंद करावेत आणि थेट रविवारच्या फ्लॅग सामन्याकडे यावे. पहिली दहा मिनिटे चेंडूकडे न पाहता बचावपटूंच्या हातांकडे पाहावे. फडके एकदा हाती लागले की तो मोठा माणूस ते डोक्यावर उंच धरतो आणि पंचाने पाहिले की नाही याची खात्री करून घेतो.